पिकअपला जादा टाकी: रीलमध्ये न दिसणारा हिशोब

अमेरिकेत पिकअपच्या हौद्यात डिझेलची जादा टाकी बसवल्याचे रील तुम्हीही पाहिले असतील. कारण साधं आहे. मागे जड ट्रेलर जोडला की मायलेज घसरतं, कधी निम्म्यावर येतं. मग सारखा पंप शोधावा लागतो.

पण वजनाचं काय? एक लिटर डिझेल सुमारे ०.८५ किलोचं. म्हणजे २०० लिटरचे १७० किलो, टाकीचं वजन वेगळं. शिवाय ३,००० किलोच्या ट्रेलरचा साधारण १० ते १५ टक्के भार, म्हणजे ३०० ते ४५० किलो, थेट पिकअपवर येतो. त्यात माणसं आणि सामान. बेरीज पेलोडच्या बाहेर गेली की मागचे टायर आणि ब्रेकवर ताण येतो, पुढची चाकं हलकी होतात.

हे भारतात चालेल? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. कलम १८२अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

त्यामुळे गॅरेजवाला ‘होऊन जाईल’ म्हणाला, तरी आधी आरटीओत विचारा.