उठणे आणि उठवणे

इंग्रजी शिकताना आपल्या मुलांची हमखास गल्लत होते, अशा क्रियापदांची एक जोडी म्हणजे ‘राइझ’ आणि ‘रेझ’. ‘राइझ’ म्हणजे स्वतः वर येणे. सूर्य उगवतो, भाव वाढतात, तेथे ‘राइझ’. त्याला कर्म लागत नाही. ‘रेझ’ला मात्र कर्म हवेच. विद्यार्थी हात वर करतो, दुकानदार भाव वाढवतो, तेथे ‘रेझ’. भूतकाळी पहिल्याचे ‘रोझ’ होते, दुसऱ्याचे ‘रेझ्ड’.

शाळा सोडल्यानंतर एका मुलाखतीत, ‘मला माझ्या कुटुंबाला वर आणायचे आहे’ हे इंग्रजीत सांगताना मी ‘राइझ’ म्हणालो. समोरचे गृहस्थ हसले. त्यानंतर कितीतरी दिवस इंग्रजीत तोंड उघडण्याचे धैर्य मला झाले नाही.

पुढे उमगले, की हा भेद आपल्याला परका नाहीच. उठणे–उठवणे, बसणे–बसवणे, शिकणे–शिकवणे : मराठीत एक ‘व’ आला की क्रियापद प्रयोजक होते. इंग्रजीच्या पूर्वज भाषेतही अशीच प्रयोजक रूपे होती. ‘रेझ’ हे त्यांतलेच, नॉर्स भाषेतून इंग्रजीत आलेले. ‘सिट’ व ‘सेट’ ही जोडीही त्याच घडणीची. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की आपल्या मुलांना इंग्रजी मराठीच्या आधारानेच शिकवावे. ज्याच्या घरी इंग्रजीचा गंधही नाही, त्या मुलाजवळही हे व्याकरण आधीपासून आहे. त्याच्या चुकीला हसण्याऐवजी त्याला ते दाखवून द्यावे.

‘रेझ’चा आणखी एक अर्थ आहे : मुलांना लहानाचे मोठे करणे. वसतिगृहात पहाटे दारावर थाप मारून आम्हाला कोणी तरी उठवले, म्हणून आम्ही उठलो. आज माजी विद्यार्थी भेटले, की कोण किती वर गेला याचीच चर्चा होते. कोणी कोणाला वर आणले, हे क्वचितच विचारले जाते. डॉ. बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या परिषदेत दिलेल्या संदेशातील ‘एज्युकेट’ हे क्रियापदही कर्माची अपेक्षा ठेवते. आपण त्याचे ‘शिका’ केले. ‘शिकवा’ हा अर्थ मागे राहिला.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे : महिन्यातून एक रविवार या शाळेतील मुलांना इंग्रजी शिकवण्यासाठी द्यावा. आपण उठलो आहोत. आता उठवण्याची पाळी आपली आहे.