डाग पुसण्याआधी वाचायला हवेत

१/ जुने छायाचित्र जुने असते म्हणूनच तपकिरी असते, हा समज इतका रुजला आहे की आजचे छायाचित्र ‘ऐतिहासिक’ दिसावे म्हणून आपण त्यावर तपकिरी छटा चढवतो. ती छटा कधी काळाची देणगी असते. पण पुष्कळदा ती कुणीतरी विचारपूर्वक, रसायने वापरून दिलेली असते. आजचा धागा त्या रसायनांविषयी आणि ती दुर्लक्षिल्याने इतिहासाचे काय बिघडते, याविषयी.

२/ कृष्णधवल फिल्मवरील प्रतिमा म्हणजे जिलेटिनच्या थरातले चांदीचे सूक्ष्म कण. टोनिंगमध्ये या चांदीचेच रूपांतर होते. सेपियासाठी पोटॅशियम फेरिसायनाइड आणि पोटॅशियम ब्रोमाइडच्या द्रावणात प्रतिमा फिकी करतात. मग सोडियम सल्फाइडमध्ये ती तपकिरी होऊन परत उमटते. निळ्या टोनिंगमध्ये लोहाचे एक संयुग, प्रशियन निळा, प्रतिमेत तयार होते.

३/ टिंटिंग निराळे. त्यात सगळी फिल्मच रंगवलेली असते. ओळखण्याची खूण सोपी आहे: पांढरे भाग रंगीत पण काळे काळेच, तर टिंटिंग, पांढरे स्वच्छ आणि सावल्या रंगीत, तर टोनिंग. मूकपटांच्या काळात दोन्ही तंत्रे सर्रास वापरली जात. ईस्टमन कोडॅकने त्यांवर स्वतंत्र पुस्तिकाही छापली होती.

४/ गेल्या वर्षी आम्ही काही विद्यार्थ्यांनी फिल्मची एक पट्टी सेपिया करून पाहिली. तीन दोष निघाले: पांढऱ्या भागांवर पिवळट झाक, मधूनच फिकट पडलेले पट्टे आणि सुईच्या टोकाएवढे निळे ठिपके.

५/ कारणे शोधली. हायपो जुना असल्याने चांदीचे क्षार फिल्ममध्ये राहून गेले होते. सल्फाइडने त्यांनाही रंग आला, ती पिवळी झाक. धुताना घाई केल्यामुळे हायपो मागे उरला आणि फेरिसायनाइडशी मिळून त्याने चांदीच विरघळवली, ते फिकट पट्टे. निळे ठिपके नळाच्या गंजाचे: लोह आणि फेरिसायनाइड एकत्र आले की निळा रंग तयार होतोच.

६/ हीच पट्टी शंभर वर्षांनी कुणाच्या हाती पडली असती, तर ‘बुरशी आणि काळाचा परिणाम’ अशी नोंद करून ती स्वच्छ केली गेली असती. त्याबरोबर शिळा हायपो, आमची घाई आणि गंजका नळ, म्हणजे त्या प्रयोगशाळेचा सगळा इतिहास, पुसला गेला असता.

७/ रंग गौण मानल्याने काय होते, याचे मोठे उदाहरण म्हणजे मुर्नाऊचा ‘नोस्फेराटू’ (१९२२). त्यातली रात्रीची दृश्ये दिवसा चित्रित केली होती; ‘ही रात्र आहे’ हे प्रेक्षकाला निळ्या टिंटिंगवरून कळे. पुढे कृष्णधवल प्रती फिरू लागल्या आणि सूर्यप्रकाशाने मरणारा रक्तपिपासू भर उन्हात हिंडताना दिसू लागला! फ्रान्समध्ये टिकलेल्या एका रंगीत प्रतीच्या आधारे ते रंग पुढे परत आणता आले. ती प्रतही नसती तर?

८/ उलट बाजूही मान्य करायला हवी. प्रेक्षकाला स्वच्छ चित्र पाहण्याचा हक्क आहे आणि प्रत्येक डाग पवित्र नसतो. आमचे निळे ठिपके हा अपघात होता. ‘नोस्फेराटू’चा निळा रंग हा निर्णय होता. पण अपघात कोणता आणि निर्णय कोणता, हे ठरवायचे तर आधी रसायन कळावे लागते. शिवाय प्रशियन निळा अल्कधर्मी द्रावणात फिका पडतो. म्हणून आज दिसणारी छटा हीच मूळची, असेही गृहीत धरता येत नाही.

९/ म्हणून माझे मत स्पष्ट आहे. पुनरुद्धार जरूर करावा; पण त्याआधी मूळ प्रतीचे कोणताही फेरफार न केलेले रंगीत स्कॅन आणि तिच्या दोषांची लेखी नोंद अनिवार्य असावी. हस्तलिखितातला खाडाखोड केलेला शब्द आपण टिपून ठेवतो. मग फिल्मवरील डागाला वेगळा न्याय का?

१०/ घरच्या अल्बममधले एखादे तपकिरी छायाचित्र आज बाहेर काढा. त्यातले पांढरे भाग कसे आहेत, सावल्या कोणत्या रंगाच्या आहेत, डाग कुठे आहेत, ते नीट पाहा. छायाचित्र इथे जोडणार असाल, तर कृपया जसेच्या तसे जोडा. फिल्टर नको.