‘खरं नाव काय?’

लातूरला एका कॉलेजात संगीतावरची प्रश्नमंजूषा होती. भाचा एका संघात होता, म्हणून औशाहून मुद्दाम गेलो. पहिली फेरी पाश्चात्त्य संगीताची. कंट्री, रॉक, सोल. मला वाटलं होतं, आमच्याकडच्या पोरांना यातलं काय ठाऊक असणार? पण पोरं तयारीची निघाली. फ्रेडी मर्क्युरीचं खरं नाव? फारोख बलसारा. शाळा कुठली? पाचगणीची सेंट पीटर्स. तिथल्या त्याच्या बँडचं नाव? द हेक्टिक्स. कंट्री गायक कॉनवे ट्विटीचं खरं नाव? हॅरॉल्ड जेनकिन्स. नकाशावरची दोन गावं जोडून यानं नाव तयार केलं, आर्कान्सामधलं कॉनवे आणि टेक्सासमधलं ट्विटी. सभागृहात हशा, टाळ्या. टीना टर्नर? ॲना मे बुलॉक. पुन्हा टाळ्या.

मग मराठी फेरी. ‘शाहीर अमर शेख यांचं खरं नाव काय?’ उत्तर आलं, मेहबूब हुसेन पटेल. बरोबर. सूत्रसंचालक माइकवर म्हणाले, “अरेच्चा, म्हणजे आपले शाहीर मूळचे ‘त्यातले’ निघाले!” सभागृह याहीवर हसलं.

आडनाव शेख असलेला माणूस मुसलमान होता, हा शोध लागायला मेहबूब हे नाव कळावं लागलं, यातली गंमत कुणाच्या लक्षात आली नाही. अमर शेख बार्शीचे. औशाहून बार्शी काही तासांच्या वाटेवर. आईचं नाव मुनेरबी. बसवर क्लीनर, मग गिरणी कामगार, मग कम्युनिस्ट पक्षाचा शाहीर. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथकात गायले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या आवाजानं मैदानं भरली. १९६९ मध्ये रस्ता अपघातात गेले. त्यांनी नाव बदललं, पण ‘शेख’ पुसलं नाही. अर्धं नाव नवं घेतलं, अर्धं सगळ्यांसमोर ठेवलं. विचारायचंच असेल तर हे विचारा, की त्यांनी ‘शेख’ का ठेवलं?

माझा आक्षेप गंमतीच्या माहितीला नाही. मलाही ती आवडते. आक्षेप ‘खरं’ या शब्दाला आहे. हॅरॉल्डचा कॉनवे झाला तर ती गंमत. मेहबूबचा अमर झाला तर मात्र काहीतरी लपवलेलं उघडकीला आलं, असा सूर. प्रश्न तोच, पण एकाला विचारताना आपण हसतो आणि दुसऱ्याला विचारताना त्याची झडती घेतो. लातूर म्हणजे स्पर्धा परीक्षांचं गाव. इथल्या गाइडांमध्ये ‘व्यक्ती आणि मूळ नावे’ अशी यादी असते. पोरं ती पाठ करतात. एका रकान्यात नाव, दुसऱ्यात ‘मूळ’. नाव कुणी बदललं, का बदललं, कुणी बदलायला लावलं, यासाठी तिसरा रकाना नाही.

टीना टर्नरचंच घ्या. ते नाव तिला आइक टर्नरनं दिलेलं, ज्यानं तिला वर्षानुवर्षं मारलं. १९७८ मध्ये घटस्फोट झाला तेव्हा तिनं बहुतेक सगळ्यावरचा हक्क सोडला, पण हे नाव सोडलं नाही. त्या नावावर तिनं घाम गाळला होता. आता सांगा, तिचं खरं नाव कुठलं? जन्मदाखल्यावरचं, की कोर्टात राखलेलं?

किंवा चार्ली प्राइड. मिसिसिपीचा काळा माणूस, गाणार कंट्री, जे अमेरिकेत गोऱ्यांचं संगीत समजलं जायचं. १९६६ मध्ये त्याच्या पहिल्या तबकड्या निघाल्या तेव्हा कंपनीनं रेडिओ केंद्रांना त्याचा फोटो पाठवला नाही. नाव तेच, फक्त चेहरा काढून घेतला. लोकांनी आवाज ऐकला, आवडला, मग कळलं. १९७१ मध्ये त्याच कंट्रीवाल्यांनी त्याला वर्षातला सर्वश्रेष्ठ कलावंत ठरवलं.

आपल्याकडे तर नाव आणि चेहरा, दोन्ही काढून घेतल्याची उदाहरणं आहेत. संगीतकार खय्याम यांची पहिली ओळख ‘शर्माजी’. १९४८ च्या ‘हीर रांझा’ला ‘शर्माजी-वर्माजी’ या जोडीचं संगीत होतं. त्यातले शर्माजी म्हणजे मोहम्मद जहूर खय्याम हाशमी आणि वर्माजी म्हणजे रहमान वर्मा, जे फाळणीनंतर पाकिस्तानात गेले. शर्माजी इथंच राहिले आणि पुढे ‘फुटपाथ’पासून, म्हणजे १९५३ पासून, खय्याम झाले. फाळणीच्या आगेमागे मुंबईत काम करणाऱ्या तरुण मुसलमान संगीतकाराला शर्माजी होणं का सोयीचं वाटलं असेल, हे सांगायला इतिहासाचा प्राध्यापक लागत नाही. आमच्या घरात ते सगळ्यांना माहीत आहे.

माझे चाचा क्लॅरिनेट वाजवायचे आणि गायचेही. लग्नाचा बँड, उरूस, गणपतीचा मेळा, सगळीकडे. किल्लारीचा भूकंप झाला त्या वर्षीचा गणेशोत्सव. विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे जमीन हादरली, म्हणून आमच्या तालुक्यात ते साल कुणी विसरत नाही. त्या दहा दिवसांत एका गावच्या मंडळानं चाचांना गाण्यासाठी बोलावलं. अट एकच, माइकवरून नाव ‘राजूभाई’ असं पुकारायचं. डिसेंबरातल्या अयोध्येनंतरचं वर्ष होतं. ‘माहोल तसा आहे, तुम्ही समजून घ्या,’ असं आयोजक म्हणाले. माणूस वाईट नव्हता, चाचांचा जुना ओळखीचा होता. चाचा राजूभाई म्हणून गायले, बिदागी घेतली, घरी आले. मी तेव्हा शाळेत होतो. संतापून विचारलं, तर म्हणाले, “अरे बेटा, तबले वाले को बी नाम बदलने बोल्या था. वो नै बदल्या तो उसके पैसे बी गए. घर कैसे चलाना?”

त्या तबलजीचं नाव मी इथं लिहिणार नाही. पण ‘खरं नाव काय?’ असं कुणी हसत विचारलं, की मला तोच आठवतो.

आता थोडं आपल्या मोहल्ल्याकडे. आपणही काही कमी नाही. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘ये सब अपने थे’ अशा याद्या फिरतात. हिराबाई बडोदेकर म्हणजे चंपाकली, सुरेशबाबू माने म्हणजे अब्दुल रहमान, बघा, सगळे आपले! माहिती खरी आहे. दोघं किराण्याच्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची मुलं. खाँसाहेबांनी मिरज आपलं गाव केलं, १९३७ मध्ये प्रवासात दक्षिणेत वारले आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात दफन झाले. एकेकाळी लातूरहून निघणारी अरुंद रुळांची रेल्वे बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर करत याच मिरजेला जाऊन टेकायची. आमच्या आजोबांच्या पिढीला हे सगळं एकाच रुळावरचं होतं.

पण या यादीत ताराबाई माने कुठे आहेत? त्या या मुलांची आई. १९२२ च्या सुमारास त्या पाचही मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या आणि मुलांना नवी नावं दिली. चंपाकलीची हिराबाई झाली ती आईच्या निर्णयानं. त्याच नावानं तिनं तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, त्या काळी, जेव्हा बाईनं मंचावर बसून गाणं म्हणजे बदनामी होती. ‘खरं नाव चंपाकली’ असं फॉरवर्ड करणारा आपला भाऊ एका ओळीत त्या आईला पुसून टाकतो. सूत्रसंचालक मेहबूबला बाहेर काढत होता, हा हिराबाईंना ओढून आत आणतोय. दोघांनाही माणूस नको आहे, मोजणी हवी आहे.

आणि याच ग्रुपवर जुम्याला संदेश येतो, मौसिकी हराम. मग खाँसाहेब आपले कसे झाले, भाऊ? युसूफ इस्लामचं असंच. लंडनचा स्टीवन जॉर्जिऊ, गाजला कॅट स्टीव्हन्स म्हणून, १९७७ मध्ये मुसलमान झाला, गाणं सोडलं, गिटारी विकल्या. त्याचा किस्सा आमच्याकडे जलशात तकरीर करणाऱ्यांनी किती वेळा सांगितला असेल! २००६ मध्ये त्यानं गिटार परत हातात घेतली, नवा अल्बम काढला. किस्सा मात्र १९७७ लाच थांबून राहिला. पुढचं सांगायला कुणी तयार नाही. संगीत जायज की नाजायज, हा वाद उलेमांचा जुना आहे, तो त्यांनी घालावा. पण अर्धा माणूस कापून यादीत लावू नका.

एक नाव मात्र या याद्यांत मला कधी दिसलं नाही. अहमद एर्तेगुन. इस्तंबूलचा, तुर्की राजदूताचा मुलगा, ज्यानं १९४७ मध्ये अमेरिकेत अटलांटिक रेकॉर्ड्स ही कंपनी काढली. रे चार्ल्स तिथं गायला, अरीथा फ्रँकलिन तिथं सोलची राणी झाली. एर्तेगुन स्वतः गाणी लिहायचा आणि नाव टाकायचा ‘नुगेत्रे’. आडनाव उलटं वाचा. राजदूताच्या घराला गाण्यावाल्याची लाज नको, म्हणून हा आडोसा. धर्म नाही, वंश नाही. खानदान आडवं आलं. हा प्रश्न विचारला असता तर पोरांना कळलं असतं की नाव लपवायची कारणं किती तऱ्हेची असतात, आणि अमर शेखांनी तर लपवलंच नव्हतं.

प्रश्नमंजूषेनंतर मी आयोजकांना हे सगळं बोललो. थोडं चढ्या आवाजात बोललो, कबूल आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, सर, पुढच्या वर्षी प्रश्न तुम्हीच काढून द्या. मी पंधरा काढून पाठवले. टीना टर्नर ठेवली. चार्ली प्राइडचा फोटो ठेवला, ‘फार छान प्रश्न’ असा शेरासुद्धा होता. एर्तेगुनही ठेवला. ‘शर्माजी कोण आणि त्यांना शर्माजी का व्हावं लागलं’ हा एकच परत आला. शेजारी लाल शाईनं लिहिलं होतं, ‘वाद नको’.

मी तो पुन्हा पाठवला आहे.