छायाचित्रातील माणसाचे नाव

छायाचित्रणाचा छंद आज प्रत्येकाच्या खिशात आला आहे. पावसाळ्यात भुशी धरणावर, लोहगडाच्या वाटेवर किंवा कार्ल्याच्या पायऱ्यांवर कोणी ना कोणी मोबाइल उंचावून उभा दिसतोच. या छंदाला नावे ठेवणाऱ्यांत आम्ही नाही. उलट, आपल्या मुलामुलींनी तो अधिक मनापासून जोपासावा, असेच आमचे मत आहे. मात्र टिपलेल्या माणसाचे नाव लिहून ठेवण्याची सवय त्यास जोडली पाहिजे. असे का, ते या कलेच्या इतिहासातच दिसते.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे एक भारतीय सभासद. त्या काळी हा छंद कष्टाचा होता. काचेवर रसायन पसरावयाचे, ते ओले असतानाच चित्र घ्यावयाचे आणि जवळच्या अंधाऱ्या तंबूत लगेच धुवावयाचे. एवढे सायास करून घेतलेल्या पश्चिम भारतातील लेण्यांच्या छायाचित्रांत पुष्कळदा स्तंभाशेजारी एखादा स्थानिक माणूस उभा दिसतो. स्तंभाची उंची कळावी, एवढ्याचसाठी तो तेथे असे. तो माणूस नव्हता, मापाची काठी होता. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' या ग्रंथाचे आठ खंड निघाले. त्यांतही बहुतेकांची ओळख जात वा जमात एवढीच आहे.

याउलट आपले कार्ल्याचे चैत्यगृह पाहावे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ब्राह्मी लेखांत तेथे वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, तसाच धेनुकाकटचा गंधविक्रेता सिंहदत्त आहे आणि द्वाराचे काम करणारा सुतार, वेणुवासाचा पुत्र सामी, हाही आहे. ज्याने धन दिले त्याचे नाव कोरले, आणि ज्याने हात चालविले त्याचेही कोरले. छायाचित्रकाराने धडा घ्यावा तो येथून.

छायाचित्रणाशी मावळाचा संबंध तसा जुना आहे. राजा रविवर्मा यांचा शिळाछाप चित्रांचा छापखाना मुंबईहून मळवलीस आला. गोध्र्यास छायाचित्रकार म्हणून आणि पुढे पुरातत्त्व खात्यात काम केलेल्या दादासाहेब फाळके यांनी त्या छापखान्यासाठी काम केले, आणि १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'पूर्वी लोणावळ्यास स्वतःचा छापखानाही काढला. येथे छापलेली देवादिकांची चित्रे देशभर भिंतींवर झळकली. पण कष्टकऱ्यांच्या अनेक घरांत आजीचे एकही छायाचित्र नव्हते. असलेच तर ते कुठल्याशा ओळखपत्रावरचे.

२५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. त्या दिवशी तेथे जमलेल्या साध्यासुध्या माणसांपैकी किती जणांची नावे आज आपणांस सांगता येतील? सांगू शकणारे वृद्ध दरवर्षी कमी होत आहेत.

कोणी म्हणेल, मोबाइल तारीख आणि ठिकाण आपोआप नोंदवितो. खरे आहे, परंतु चित्रातली बाई कोण, ती कोणाची आई, हे त्यास ठाऊक नसते. शिवाय मोबाइल बदलला की हजारो चित्रे त्याच्याबरोबर जातात. निवडक दहा चित्रे कागदावर छापून, नावांसह जपलेली बरी.

नाव लिहिल्याने छंदातील आनंद उणावत नाही, वाढतो. कार्ले व भाजे येथील चैत्यगृहे पश्चिमाभिमुख आहेत. उतरत्या उन्हाचा उजेड आत शिरतो तेव्हा दगडाची धार न् धार उमटते. त्यासाठी थांबावे. इंद्रायणीकाठी भातलावणी करणाऱ्या बायांचे चित्र घेण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी, नाव विचारावे आणि जमल्यास एक प्रत त्यांना नेऊन द्यावी. मग ते चित्र केवळ आपले राहत नाही.

म्हणून आमचे एवढेच सांगणे आहे. माजी विद्यार्थ्यांनी या वर्षी घरातले एक जुने समूहचित्र काढावे, थोरांजवळ बसावे आणि मऊ पेन्सिलीने मागे नावे लिहावीत. विद्यार्थ्यांनी वसतिगृहाचा संग्रह करावा. त्यात पाहुण्यांच्या आधी भाकरी भाजणाऱ्या मावशींचे आणि रात्री फाटकाशी बसणाऱ्या काकांचे चित्र असावे, पूर्ण नावासह.