डबल बासचा स्वर आणि दोषाचा निवाडा

डबल बास या धीरगंभीर वाद्याचा स्वर ध्वनिवर्धकांतून पातळ व किरटा येऊं लागला, कीं दोष प्रथम वादकाच्या माथीं मारला जातो आणि लागलीच नवा पिकप घेण्याची भाषा सुरू होते. आमच्या मतें हा वादकावर अन्याय व द्रव्याचा अपव्यय होय.

दोष पुष्कळदां मधल्या डायरेक्ट बॉक्सच्या निवडींत असतो. दाबानें स्फटिकांत वीज उत्पन्न होते, हा शोध जाक व पिएर क्यूरी या बंधूंनीं १८८० सालीं लाविला. पिएझो पिकप त्याच तत्त्वावर चालतो. त्याची धारकता २ नॅनोफॅरड धरली व पुढें १ लक्ष ४० हजार ओहमांचा साधा ट्रान्स्फॉर्मरचा बॉक्स जोडला, तर सुमारें ५७० हर्ट्झखालील ध्वनि क्षीण होत जातो. बासची जाड तार तर ४१ हर्ट्झची! १ कोटी ओहमांचा प्रीअँप मध्यें घातल्यास हीच मर्यादा ८ हर्ट्झवर उतरते.

विद्यार्थिमित्रहो, एका वेळीं एकच गोष्ट बदलून पाहावी, हा प्रयोगशाळेचा नियम येथेंही पाळावा. ॲक्टिव्ह बॉक्सला ४८ व्होल्टांचा पुरवठा वा बॅटरी मिळते ना, हें पाहावें. गुणगुण येत असल्यास ‘ग्राउंड लिफ्ट’ची कळ फिरवावी, परंतु प्लगमधील अर्थिंगची तार कदापि काढूं नये. तेथें प्रश्न स्वराचा नसून प्राणाचा आहे. इतका तपास झाल्यावरच वादकास बोल लावावा.