अडखळण्याचा हक्क

आपल्या मुलांना मदरशात अरबी शिकवली जाते, असे आपण अभिमानाने सांगतो. खरे पाहता त्यांना अरबी उच्चारायला शिकवले जाते. ‘ऐन’ कंठाच्या मधल्या भागातून निघावा, ‘से’ उच्चारताना जिभेचे टोक पुढच्या दातांना टेकावे, यासाठी उस्ताद वर्षानुवर्षे घसा कोरडा करतात. त्या मेहनतीबद्दल आम्हाला आदरच आहे. आमचा प्रश्न पुढचा आहे. ही मेहनत कशासाठी?

आपल्या बोलीत परिणाम या अर्थी ‘असर’ आणि तिसऱ्या प्रहरीच्या नमाजची ‘असर’ ऐकायला सारखेच. अरबीत मात्र पहिला शब्द अलिफ आणि ‘से’चा, दुसरा ऐन आणि स्वादचा. ऐन आणि ‘से’ एकत्र आले की तिसराच शब्द होतो, ‘अथरा’. त्याचा अर्थ ठेच लागणे, अडखळणे. उच्चार वेगळे ठेवायचे ते अर्थ वेगळे राहावेत म्हणून. मग उच्चाराशी येऊन शिक्षण थांबते का?

या एका क्रियापदाकडेच पाहू. माणूस अडखळतो, घोडा अडखळतो, बोलणाऱ्याची जीभ अडखळते, नशीबही अडखळते. आजच्या अरबी वृत्तपत्रांत थकीत कर्जालाही याच धातूचा शब्द वापरतात. पण याच क्रियापदापुढे ‘अला’ हे अव्यय आले की अर्थ पालटतो. एखादी गोष्ट अवचित सापडणे, तिचा पत्ता लागणे! पायाला काहीतरी लागले, वाकून पाहिले आणि तेथे दडलेले हाती आले, असा हा संबंध जुने कोशकार सांगतात.

कुरआनात हा धातू दोनच ठिकाणी आला आहे आणि दोन्हीकडे ‘पत्ता लागणे’ याच अर्थाने. सूरह माइदाच्या 107व्या आयतीत मृत्युपत्राच्या साक्षीदारांचा खोटेपणा उघडकीस येण्याच्या संदर्भात, आणि सूरह कहफच्या 21व्या आयतीत गुहेतल्या तरुणांचा लोकांना पत्ता लागण्याच्या संदर्भात. पाय घसरण्यासाठी कुरआनात ‘ज़ल्ला’ हे दुसरे क्रियापद येते. दर जुम्म्याला सूरह कहफ पढणारी हजारो घरे आपल्यात आहेत. त्यांपैकी किती घरांत हे कोणी सांगितले असेल?

‘तुम्ही तिलावत करा, अर्थाच्या भानगडीत पडू नका, अर्धवट ज्ञानाने माणूस भरकटतो,’ असे आम्हाला ऐकवले जाते. अर्धवट ज्ञान घातक असते हे आम्हीही मानतो. कोशातली पहिली ओळ पाहून ‘अल्लाहने त्या तरुणांना ठेच लागू दिली’ असा अर्थ लावणारा उतावळा चुकतोच, कारण त्याने ‘अला’ पाहिलेला नसतो. पण त्यावर उपाय कोणता? त्याला ‘अला’ शिकवणे, की त्याच्या हातातला कोश काढून घेणे? अर्धे ज्ञान धोक्याचे म्हणून सगळेच अज्ञान पत्करा, हा कोणता न्याय?

बसऱ्याचे खलील इब्न अहमद यांनी इ.स.च्या 8व्या शतकात अरबीचा पहिला मोठा कोश रचायला घेतला तेव्हा अक्षरांचा क्रम त्यांच्या उच्चारस्थानांवरून लावला. सुरुवात केली कंठातल्या ‘ऐन’पासून, म्हणून ग्रंथाचे नावच ‘किताबुल ऐन’. आपले उस्ताद जी उच्चारस्थाने घोकून घेतात, त्यांच्याच आधारे खलील यांनी अर्थांचे भांडार उभे केले. आपण उच्चारस्थाने ठेवली आणि भांडार कुलुपात घातले.

कुरआन अडखळत, कष्टाने वाचणाऱ्याला दुहेरी सवाब आहे, ही हदीस मदरशातल्या प्रत्येक मुलाला सांगतात. तेथे अडखळण्यासाठी शब्द निराळा आहे, पण दिलासा तोच. मग जिभेच्या अडखळण्याला दुहेरी सवाब आणि बुद्धीच्या अडखळण्याला दटावणी, असे का? एखादी मराठी शाळेत शिकलेली मुलगी आयतीचा अर्थ विचारते, थोडे चुकते, की लगेच तिच्या ईमानाची चौकशी सुरू होते. चौकशी करणाऱ्यांनी सहीह मुस्लिममधली जाबिर (रजि.) यांची हदीस आठवावी. प्रवासाहून परतणाऱ्याने घरच्यांवर संशय घेऊन, त्यांच्या चुका पकडण्यासाठी रात्री अचानक घरी येऊ नये, असे तीत बजावले आहे. त्या चुकांसाठी तेथे आलेला शब्द ‘अथरात’ आहे, याच क्रियापदापासून झालेला. म्हणजे दुसऱ्याच्या ठेचा टिपत दाराआड उभे राहणे हेच मना आहे. आपल्यात मात्र हा काही जणांचा व्यवसाय झाला आहे.

आमची मागणी मोठी नाही. नाझिरा संपवणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला रोज एक अरबी धातू शिकवा. फळ्यावर लिहा, त्याची रूपे सांगा, तो कोणत्या आयतीत कोणत्या अर्थाने आला ते दाखवा, आणि हे सगळे मुलांच्या घरच्या भाषेत, मराठीत शिकवा. मुले प्रश्न विचारतील, चुकतील, पुन्हा विचारतील. त्यांना विचारू द्या. ‘अथरा’चा अर्थ ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तरी मुलांच्या अडखळण्याला भिऊ नये.