तीन बोटांचे तोंड

बोलण्यावर पोट भरणाऱ्या माणसाला जबड्याची आठवण सहसा होत नाही. वाशिमच्या कॉलेजात मराठी शिकविताना माझ्या बडबडीने मुलांचे कान किटले असतील. जबडा मात्र कधी कुरकुरला नाही. तो कुरकुरला २०२० च्या एप्रिलात, म्हणजे समोर ऐकायला कोणी उरले नव्हते तेव्हा!

२४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली, आणि पंधरा-वीस दिवसांतच जांभई देताना उजव्या कानापुढे 'कट्' असा आवाज होऊ लागला. मागोमाग ठणका. सौ. म्हणाली, "रात्री दात खाता तुम्ही. एवढा राग कुणावर धरलाय?" राग कसला? दिवसभर रोग्यांचे नि मृतांचे आकडे ऐकायचे आणि रात्री तेच चावीत झोपायचे, असे चालले होते झाले.

ओळखीच्या दंतवैद्यांना फोन केला. दात कोरण्याच्या यंत्राने लाळेचे तुषार उडतात, म्हणून तातडीचेच रोगी पाहावेत अशी त्यांना सूचना. "सर, तुमचं तातडीत बसत नाही," ते म्हणाले. पण भला माणूस, फोनवरच माझी शिकवणी घेतली. वाचकहो, कानाच्या पुढे बोट टेकवून तोंड उघडून पाहा. बोटाखाली हलतो तो जबड्याचा सांधा. तो आधी बिजागरीसारखा फिरतो, नि मग टेबलाच्या खणासारखा पुढे सरकतो. मध्ये एक चिवट चकती असते. ती जागची हलली की 'कट्'. काळजीने दात आवळून धरले की भोवतालचे स्नायूही आखडतात. (इस्रायल व पोलंडमध्ये त्याच वर्षी पाहणी झाली, तेव्हा तिकडेही जबड्याची दुखणी नि दात खाणे वाढलेले आढळले. म्हणजे सौ.ने मला एकट्यालाच बोल लावायचे कारण नव्हते!) "ओठ मिटा, पण दातांना दात टेकू देऊ नका. शेक घ्या, मऊ खा. आणि तीन बोटं एकावर एक धरून तोंडात मावतात का, ते रोज पाहा." माझी मावली. महिन्याभरात ठणका गेला.

मी हे सारे विसरूनही गेलो असतो. पण जुलैत मोबाइलवर तास घेतला, तेव्हा मानोरा तालुक्यातली एक विद्यार्थिनी तास संपल्यावर मागे थांबली. "सर, माह्या मायचं तोंडच उघडत नाही जी. दोन महिने झाले."

"किती उघडतं?"

"एक बोट."

दोन महिने ती माउली दुधात कुस्करलेल्या भाकरीवर नि पातळ वरणावर होती. गावात दाढेचे दुखणे समजून गोळ्या दिलेल्या. मी फोनवरच तिची नि माझ्या दंतवैद्यांची गाठ घालून दिली. ते म्हणाले, "हे शेकाचं काम नाही. अकोल्याला जबड्याच्या सर्जनना दाखवा." अकोला म्हणजे दुसरा जिल्हा, जिल्हा ओलांडायचा तर ई-पास. अर्ज एकदा परत आला. दुसऱ्यांदा भरला, तर गाडीभाड्याचे पैसे पेरणीत गेलेले. मी देऊ केले, ते मुलीने घेतले नाहीत. आणि मीही फारसा आग्रह धरला नाही, हे येथे लिहिलेच पाहिजे. सप्टेंबरच्या प्रारंभी ई-पास उठला, तेव्हा कुठे ती अकोल्याला पोहोचली. चकती पुढे सरकून तिथेच अडकली होती. पुष्कळ व्यायाम करविले. तोंड दोन बोटांपर्यंत आले, तिसरे काही आले नाही.

गेल्या दिवाळीत ती मुलगी आईला घेऊन घरी आली. सौ.ने फराळाचे ताट पुढे ठेवले. माउलीने चकली हळूच बाजूला सारली, करंजी मोडून चहात बुडविली. मला राहवेना. "काकू, पहिले दोन महिने कुणाला सांगितलं का नाही?"

"लोकं मरत होते, सर," ती म्हणाली. "माह्यं तं निसतं तोंड बंद होतं. कोनाले सांगू?"

सौ. उठली नि आत जाऊन शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला.